रक्ततपासणीचे आकडे एकाच पानावर ठेवा

दरवर्षी तपासणी होते, पण जुने रिपोर्ट ऐनवेळी सापडत नाहीत आणि डॉक्टरांसमोर फक्त यंदाचे आकडे येतात.

१. वहीच्या पानावर डावीकडे चाचण्या लिहा: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड). खाली रक्तदाब आणि वजन.
२. रिपोर्ट आला की त्याच दिवशी तारीख टाकून नवा रकाना भरा.
३. पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

समजा, क्रिएटिनिन एका वर्षी ०.८, पुढच्या वर्षी १.०, मग १.२. तिन्ही रिपोर्टांत आकडा मर्यादेतच, पण ओळीने पाहिलं की चढ लगेच दिसतो आणि मूत्रपिंडाबद्दल वेळेत विचारता येतं. आईवडिलांचं पान तर आजच करा.

शक्यतो लॅब एकच ठेवा. आकडे बघून गोळ्या मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नका.