आवाज पुढे, ओठ मागे: मोबाईलवरच्या लांब व्हिडिओचं सिंक असं जुळलं

लक्षण: मोबाईलवर तासभराचं शूटिंग. प्लेअरमध्ये व्यवस्थित चालतं, पण एडिटरमध्ये टाकलं की सुरुवातीला आवाज जुळतो आणि शेवटी दीड-दोन सेकंदांचा फरक पडतो.

आवाजाचा ट्रॅक सरकवून पाहिला, सुरुवात बिघडली. ताणून पाहिला, मध्यभाग बिघडला. दोन संध्याकाळी फुकट गेल्या.

फरक सगळीकडे सारखा असेल तर सरकवणं पुरतं. वाढत जात असेल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) जातात ते तपासा. फाइलचे तपशील दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली, तर फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल', म्हणजे बदलता. उजेड कमी झाला की मोबाईल ३० फ्रेमवरून २४ वर येतो. एडिटर ३० च धरून चालतो. आवाज मात्र आपल्या गतीनं जातो.

उपाय, याच क्रमानं:

१. मूळ फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.
२. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० निवडा (पाल या टीव्ही-पद्धतीच्या चित्रणाला २५) आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'. ही खूण करायची राहिली तर सगळं वाया.
३. एन्कोडर एच.२६४, दर्जा ठरवणारा आरएफ आकडा १८. फाइल फुगेल, फुगू द्या.
४. ऑडिओ एएसी, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ.
५. नवी फाइल एडिटरमध्ये घ्या. प्रोजेक्टचा फ्रेम रेटही तोच ठेवा, २९.९७ चं चित्रण ३० नं चालवलं तर तासाला ३.६ सेकंद फरक पडतो.

तपासणी शेवटच्या मिनिटात करा. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात. तिथे एकेक फ्रेम पुढे नेत पाहा. मूळ फाइल तोवर पुसू नका.