बंब कुणाचा, खोकला कुणाला: घरातली हवा आठवडाभर मोजायची कशी

दिवाळी उरकली की मला फोन सुरू होतात. मावशी, शाळेतल्या मैत्रिणी, एकदा तर दूधवाले काका पण, "अगं तू ते हवेचं करतीस ना, मग सांग की सांगलीची हवा चांगली का वाईट?" मी पीएचडीला चार हिवाळे हेच मोजत बसलेले, तरी या प्रश्नाला माझ्याकडं एका वाक्यात उत्तर नसतं. कुठली सांगली? किती वाजता? कुणाच्या खिडकीत? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, ज्याला पाहिजे त्यानं आठवडाभर स्वतः मोजून बघावं, लई अवघड नाहीये.

आधी फोनवरच्या आकड्याचं बघू. २०१९ ला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला त्यातल्या शहरांच्या यादीत सांगली पण आहे. सरकारचं समीर ॲप उघडलं की आपल्याला हवा मोजणाऱ्या जवळच्या स्टेशनचा एक्यूआय, म्हणजे हवा किती वाईट ते सांगणारा आकडा, दिसतो, पण धुळीसाठी तो मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो आणि स्टेशन असतं भलतीकडंच. तुमच्या खिडकीखाली सव्वासहाला कुणी पाणी तापवायचा बंब पेटवला त्याचं त्या आकड्याला काही देणंघेणं नाही.

कर्क स्मिथ नावाचे बर्कलीचे शास्त्रज्ञ होते, २०२० ला गेले. त्यांनी गुजरातच्या खेड्यात जाऊन चुलीपुढं बसलेल्या बायकांच्या अंगावरच मोजायची यंत्रं लावली, ते काम १९८३ ला छापून आलं. त्याआधी सगळ्यांचं लक्ष गिरण्यांच्या चिमण्यांकडं. ते आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिले की धूर किती टन निघाला एवढंच बघून चालत नाही, तो नाकापासून किती लांब निघाला ते बघा, उंच चिमणीतला बराचसा पांगून जातो आणि चुलीतला थेट छातीत जातो. आमच्या प्रोजेक्टचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा होता आणि तुमच्या आठवड्याचा पण तोच राहणार.

आता सामान. चार-पाच हजाराच्या आसपास एक पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण मोजणारा, छोटा मीटर मिळतो, आत बारीक पंखा हवा ओढतो, लेझरच्या उजेडात कण चमकतात आणि त्यावरून आकडा येतो. घेताना दोनच गोष्टी बघा, आकडा मायक्रोग्रॅममध्ये (एक घनमीटर हवेत किती ते) दिसतो का आणि आर्द्रता दाखवतो का. नुसता हसरा-रडका चेहरा दाखवणारा घेऊ नका. पीएम १० चा आकडा पण दाखवतात पण हे छोटे मीटर जाड धूळ नीट मोजत नाहीत, तिकडं दुर्लक्ष करा. चार-पाच घरात मिळून एक घेतला तरी बास.

ठेवायचा कुठं? आपण जिथं श्वास घेतो तिथं, म्हणजे आजी खाली झोपत असेल तर तिच्या उशाशी, पोरगं टेबलावर अभ्यास करत असेल तर टेबलावर. गॅसच्या शेजारी नको, पंख्याच्या झोतात नको, उन्हात तर अजिबात नको. दोन दिवस झोपायच्या खोलीत, दोन दिवस स्वयंपाकघरात, दोन दिवस खिडकीच्या ग्रीलला बाहेरून सावलीत आणि सातव्या दिवशी जिथं शंका आहे तिथं.

आणि वही ठेवा, शाळेची साधी चालेल. वेळ, आकडा, आर्द्रता, वारा कुठून येतोय, आणि शेवटचा रकाना सगळ्यात मोठा ठेवा, त्या वेळी आसपास काय जळत होतं ते लिहायला. लोक आकडे लिहितात आणि हा रकाना मोकळा सोडतात, मग आठवड्यानं बसून डोकं खाजवतात की गुरुवारी संध्याकाळी एकदम कसं काय वाढलं, अहो गुरुवारचा धूप की.

माझ्या आईच्या घरातल्या वहीतलं एक पान सांगते. डिसेंबरची सकाळ, ५:४५ ला ४८. ६:०० ला ५१. ६:२० ला २९०. शेवटच्या रकान्यात आईच्या अक्षरात, "शेजारचा बंब, आज चप्पल घातली वाटतं." ७:१० ला १४०, ८:३० ला ६२. आपल्याकडं बंबात काय काय जातं ते सांगायला नको, करवंट्या, शेंड्या, लाकडाच्या ढलप्या इथपर्यंत ठीक, पण दुधाच्या पिशव्या आणि फाटक्या चपला पण जातात, आणि तो बंब पेटवणारी माणसं पेटवून आत निघून जातात, धूर मात्र वाऱ्याबरोबर पलीकडच्या खिडकीत. आईला वाटायचं तिला सकाळची थंडी बाधते.

इथं एक खाचखळगा. नदीकाठी, हरिपूरकडं किंवा आयर्विन पुलाच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे धुकं असतं आणि दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, मग मीटर जास्तच दाखवतो. असल्याच एका प्रकारच्या मीटरसाठी अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, ईपीएनं, दुरुस्तीचं सूत्र काढलंय, त्यात ८० टक्के आर्द्रतेला १०० ची रीडिंग जवळजवळ ५० वर येते. आपल्याला सूत्र नको, एवढंच करा की आर्द्रता ८० च्या वर असेल तर त्या ओळीला फुली मारा आणि फुलीवाल्या ओळी फुलीवाल्यांशीच ताडून बघा. शिवाय धुक्यामुळं आकडा हळूहळू चढतो, बंबामुळं दहा मिनिटात उडी मारतो, दोन दिवसात तुम्हाला न सांगता ओळखायला येईल.

दुसरा घोळ म्हणजे मायक्रोग्रॅम आणि एक्यूआय एकच समजणं. मीटरवर ६० मायक्रोग्रॅम दिसले तर आपल्या भारतीय एक्यूआयमध्ये ते १०० होतात, आणि परदेशी ॲपवर तीच हवा दीडशेच्या वर दिसते. हवा एकच हो, फूटपट्ट्या तीन. भांडण करण्याआधी कुठली पट्टी ते बघा.

आठवडा झाला की हिशोब. समजा दिवसातला एक तास ३०० मध्ये गेला आणि उरलेले तेवीस तास ४० मध्ये, तर ३०० अधिक ९२०, भागिले २४, म्हणजे साधारण ५१. म्हणजे तो एकच तास दिवसाची सरासरी ४० वरून ५१ वर नेतो. आपल्याकडं चोवीस तासांची मर्यादा ६० आणि वर्षाची ४०, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला स्वतःच्या मर्यादा १५ आणि ५ वर आणल्या. वही घेऊन आधी हा सगळ्यात महाग तास शोधा, बाकीचं नंतर.

आता कुणीतरी म्हणणारच की आमच्या आज्जीनं जन्मभर चूल फुंकली, नव्वदीपर्यंत जगली. असेल की. पण एका आज्जीवरून कळत नाही, म्हणून तर हजारोंचा माग काढावा लागतो. अमेरिकेत सहा शहरातल्या आठ हजारांवर माणसांचा चौदा-सोळा वर्षं माग काढला, १९९३ ला ते छापून आलं, सिगारेट, वय, वजन सगळं वजा केल्यावर सुद्धा सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचा दर सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त. आणि ते घाण शहर, स्टुबेनव्हिल, तिथं बारीक कणांची सरासरी किती होती माहितीये? ३० च्या आत. आपल्या ४० च्या मर्यादेत आरामात पास झालं असतं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासला होता.

कारण काय तर हे कण केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट बारीक, नाकाच्या केसात अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या पार तळाशी जातात, तिथं सूज धरते आणि ती सूज रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते. म्हणून नुसता खोकला-दमा नाही, हार्ट अटॅक आणि लकवा पण. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर उसाच्या पाचटाची काळी राख पडली की आपण बोंबलतो, पण ती राख एवढी मोठी असते की फुफ्फुसात जातच नाही. दिसत नाही तेच आत जातं.

पाचटाचं निघालंच आहे तर, नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम आणि उसाचा फड तुटला की संध्याकाळी काडी लावायची सवय. संध्याकाळ ही सगळ्यात वाईट वेळ. रात्री जमीन गार पडते, वरची हवा त्यामानानं उबदार राहते, झाकण बसल्यासारखं होतं आणि धूर सकाळी नवापर्यंत खालीच लोळतो. तुमचाच फड असेल तर पाचट सरीत ठेवून युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं जिवाणू कल्चर टाका, पाण्याची पण बचत होते. दुसऱ्याचा असेल तर त्या रात्री वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या आणि सकाळचं फिरणं दहाला ढकला. पाच वाजताचा मॉर्निंग वॉक आरोग्याला चांगला असं म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही, वही दाखवते.

घरातलं आधी बंद करा, ते फुकट आहे. मच्छर अगरबत्ती, म्हणजे ती गोल कॉइल, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटइतके भरले होते, आणि आपण ती पाळण्याखाली लावून दार लावून घेतो. मच्छरदाणी लावा हो. दिवाळीत पोरांना "काय होतंय, आवाज तरी नाही" म्हणून नागगोळी देतो, तर पुण्यातल्या मोजणीत सहा फटाक्यांमध्ये सगळ्यात जास्त कण तिचेच निघाले होते.

मास्क म्हणाल तर रुमाल, स्कार्फ, ओढणी बारीक कणांना फारसं अडवत नाहीत, एन-९५ तेवढा उपयोगी आणि तो पण कडेनं घट्ट बसला तरच. एअर प्युरिफायर मी सांगलीत कुणाला पहिल्या झटक्यात घ्या म्हणत नाही, आधी बंब हलतोय का बघा.

घरात दम्याचं माणूस असेल तर पीक फ्लो मीटर घ्या, फुंकर किती जोरात बाहेर पडते ते मोजणारी नळी, मेडिकलमध्ये मिळतो. उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, त्यातला जास्तीचा आकडा त्याच वहीत, हवेच्या आकड्याशेजारी. बरं असताना ४०० येत असेल तर ३२० च्या खाली सावध व्हा, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं करा, आणि २०० च्या खाली गेलं तर थेट दवाखाना. औषधाचा डोस मात्र वहीवरून स्वतः बदलू नका.

राहिला शेजार. उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानं ५,००० रुपये दंड आहे, पण तो आकडा पहिल्या दिवशी काढलात तर पुढची वीस वर्षं वाटीभर साखर मिळणार नाही. आईनं काय केलं, मीटरच उचलून शेजारच्या बंबवाल्या काकूंच्याच स्वयंपाकघरात दोन दिवस ठेवला. "बघा तरी ओ वहिनी, तुमच्यात किती येतंय." त्यांच्यात आमच्यापेक्षा जास्त येत होतं, त्यांचा नातू तिथंच खेळतो. तिसऱ्या दिवशी काकूंनी मुलाकडून बंब मागं परसात नेऊन ठेवला, चपला बंद, आता आईच्या खिडकीत सव्वासहाला ७०-७५ असतं. पाहुणे आले की अजून परत चढतं, दहा जणांच्या आंघोळी असतात.

मीटर दुसऱ्या घरी देण्याआधी पंख्याच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशनं हलकेच काढा, तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत गेला की लेझरची काच खराब होते. आमचा पहिला असाच गेला.