तुर्कीतलं ‘जायला हवं’ आणि ‘जावंच लागतं’

मी गोव्यातल्या वास्कोचा, जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करतो. इस्तंबूलच्या तुझ्ला गोदीत आमचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं, तेव्हा तिथल्या कामगारांबरोबर राहून तुर्की शिकलो. मुरगावची जी पोरं आता जहाजावर निघालीत, त्यांनी सुरुवात ‘लाझिम’पासून, म्हणजे ‘गरजेचं’पासून करावी. दिवसभर हाच शब्द कानावर पडतो.

‘गित’ म्हणजे जा. त्याला ‘मे’ लावला की ‘गितमे’, म्हणजे जाणं. पुढे ‘माझं’चा म जोडायचा: गितमेम लाझिम. माझं जाणं गरजेचं आहे. तुझं असेल तर न: गितमेन लाझिम. मराठीला ही रचना अजिबात परकी नाही आणि लाझिम तर उर्दूतला ‘लाज़िम’च, मूळ अरबी. फक्त त्यातला ‘इ’ जीभ मागे ओढून काढायचा. क्रियापदात ‘आ’ असेल तर ‘मे’चा ‘मा’ होतो: ‘याप’ म्हणजे कर, म्हणून यापमाम लाझिम.

मनालाच वाटत असेल तर ‘मेली’ किंवा ‘माली’. गितमेलियिम, मला जायला हवं. आईला फोन करायचा राहिलाय, तिथे हेच रूप शोभतं.

बाहेरून सक्ती असेल तर ‘झोरुन्दा’. वार्दियाया गितमेक झोरुन्दायिम: पाळीवर जावंच लागतंय. ‘झोर’ म्हणजे आपला जोरच, फारसीतून आलेला.

नकार मात्र नीट घोटून घ्या. ‘मेली’च्या आधी आणखी एक ‘मे’ आला की मनाई होते: गितमेमेलिसिन, तू जाता कामा नये. ‘गरज नाही’ म्हणायचं तर शेवटी ‘देइल’ हवं: गितमेक झोरुन्दा देइलसिन.

एक तुर्की जहाज मुरगाव बंदरात लागलं होतं, तेव्हा त्यावरच्या एका फिटरला मी चवथीला घरी बोलावलं. ‘काही आणायची गरज नाही’ असं सांगायचं होतं, पण बोलून गेलो ‘बिर शेय गेतिरमेमेलिसिन’, म्हणजे काही आणता कामा नये. माणूस आला, पातोळ्या खाल्ल्या, आरतीला उभा राहिला. निघताना त्याच्या पिशवीत लोकुमचा, म्हणजे तुर्की मिठाईचा डबा दिसला. सणाला बाहेरचं गोड चालत नसेल असं समजून त्याने तो बाहेर काढलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं. ‘गेतिरमेक झोरुन्दा देइलसिन’ असं म्हणायला हवं होतं, हे त्याला समजावलं, डबा मागून घेतला आणि आईने तो माटोळीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, गणपतीपुढे ठेवला.