परड्यातल्या कोंबड्याची पहाटेची बांग: आवाज कमी करताना या चुका टाळा

घरामागं परडं असलं की चार-पाच कोंबड्या आणि एक कोंबडा, ही कोल्हापूरकडची जुनी रीत. पण कळंबा, पाचगाव, उचगाव, कसबा बावडा या भागांत आता परड्याच्या कुंपणाला लागूनच अपार्टमेंटच्या भिंती उभ्या राहिल्यात. भिंतीपलीकडं शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेलं कुणीतरी झोपलेलं असतं. तक्रार आली की घाईघाईनं उपाय सुरू होतात: गळ्याला दोरी, खोक्यात कोंडणं, वरून ताडपत्री. यातल्या काहींनी आवाज जराही कमी होत नाही, आणि काहींनी कोंबड्याचा जीव जातो.

आरवणं पूर्ण बंद करता येत नाही, हे आधी मान्य करायला हवं. बांगेचा जोर कमी करता येतो आणि कोंबडा बाहेर सोडायची वेळ पुढं ढकलता येते. त्यासाठी त्याचा श्वास अडवायची कुठंच गरज पडत नाही. श्वासावर बेतणारा उपाय आवाज कितीही कमी करत असला तरी करू नये.

उजेड अडवला की काम झालं, असं समजणं

कोंबडा उजेड बघून आरवतो हा समज अर्धाच खरा आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा आपल्या शरीरातल्या, जवळजवळ २४ तासांच्या घड्याळाप्रमाणं ठरावीक वेळी आरवतात. फटफटायच्या सुमारे दोन तास आधीच पहिली बांग होते. कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणजे उन्हाळ्यात चारच्या आसपास सुरुवात होणार, खुराड्यात मिट्ट काळोख असला तरी.

मग अंधार करायचाच कशाला? रस्त्यावरचा एलईडी दिवा, गाडीचा हेडलाइट, पलीकडच्या गल्लीतल्या कोंबड्याची बांग, यांमुळं मधल्या वेळी जे फुकटचं आरवणं होतं ते अंधारानं आणि जाड भिंतीनं कमी होतं. पहाटेची ठरलेली बांग मात्र होतेच, आणि तिच्यासाठी भिंतीला वजन लागतं. ताडपत्री आणि गोणपाट उजेड अडवतात, आवाज अडवत नाहीत.

दोन कोंबडे ठेवणं

याच संशोधकांनी पुढं २०१५ मध्ये असंही दाखवलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत जो वरचढ तो आधी आरवतो, बाकीचे आपापल्या क्रमानं मागून. एका परड्यात दोन नर असले की एकाच्या बांगेला दुसऱ्याची बांग मिळणार, हे ठरलेलं. आठ-दहा कोंबड्यांमागं एक कोंबडा पुरतो. पिल्लांच्या घोळक्यात नर कुठले ते दोन-तीन महिन्यांत कळू लागतं: तुरा लवकर लाल आणि मोठा होतो, पाठीवरची शेपटीजवळची पिसं टोकदार निघतात. चार-पाच महिन्यांत ते जोरात आरवू लागतात, त्याआधीच जास्तीचे वेगळे काढावेत.

खुराडं चुकीच्या जागी

मोठ्या कोंबड्याची बांग एक मीटरवर १०० डेसिबलच्या घरात जाते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. म्हणजे ८ मीटरवर ८२, १६ मीटरवर ७६. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती परिसराच्या सरासरी आवाजाची, एका बांगेची नव्हे. तरी शेजाऱ्याची झोप का मोडते ते या आकड्यांवरून दिसतं.

पेठांमध्ये जागा नसते म्हणून खुराडं गच्चीवर जातं. गच्चीवरून आवाज अडवायला मध्ये काहीच नसतं आणि तो चारी बाजूंच्या खिडक्यांत सरळ पोचतो. दोन घरांमधली बोळ त्याहून वाईट, कारण समोरासमोरच्या भिंतींवर आवाज आपटत राहतो. खुराडं जमिनीवर, आपल्याच घराच्या भिंतीला लागून आणि दार शेजाऱ्याच्या खिडकीकडं पाठ करून ठेवावं. गच्चीशिवाय इलाजच नसेल तर खुराड्याखाली जुन्या टायरचे रबरी तुकडे घालावेत, नाहीतर पंख झापडल्याचा आणि टोची मारल्याचा आवाज स्लॅबमधून खालच्या खोलीत उतरतो.

पत्रा, थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे

भिंतीला अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवले की खोली साउंडप्रूफ होते, हा फार पसरलेला गैरसमज आहे. ट्रे आणि थर्माकोल दोन्ही हलके. आवाज थांबायला जड वस्तू लागते. शिवाय कोंबडा थर्माकोल टोचून खातो आणि ते पोटात जातं. पत्र्याचं खुराडं बांगेबरोबर स्वतःच घुमतं, मे महिन्यात तापतं, आणि आषाढातल्या पावसात वर असा ताशा वाजतो की कोंबडा मध्यरात्रीच जागा होतो. पत्रा छपराला हवाच असेल तर खाली प्लायवूड आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर पोकळी ठेवावी.

रात्रीची पेटी: इथं सगळ्यात जास्त चुका होतात

सगळ्या उपायांत रात्रीची जड, हवेशीर पेटी हाच आमच्या मते पहिला आणि भरवशाचा उपाय. ती नीट केली तर पुढचं बरंचसं करावंच लागत नाही.

मापापासून सुरुवात करा. आरवताना कोंबडा छाती पुढं काढून मान वर ताणतो. मान पूर्ण ताणता आली नाही की बांग बारीक निघते. म्हणून पेटीचं छत ठेंगणं ठेवतात. चूक होते ती ते फार ठेंगणं करण्यात. कोंबडा सहज उभा असताना जमिनीपासून तुऱ्यापर्यंत उंची मोजा आणि त्यात दोन-तीन बोटं मिळवा, तेवढी आतली उंची. गावरान कोंबड्याला ती बहुधा ४५ ते ५० सेंमी भरते. असील जातीचा कोंबडा उंच असतो, त्याला हे माप चालणार नाही. त्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे. तळ ६० बाय ४५ सेंमी पुरे. आत दांडी बसवू नका, तिच्यावर चढला की डोकं छताला लागतं. तळाला भाताचं तूस पाच सेंमी पसरा. उसाचं पाचट फुकट मिळतं म्हणून घालतात, पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि ती कोंबड्याच्या फुप्फुसात जाते.

भिंती १८ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायवूडच्या असाव्यात, दाराच्या कडेला दारं-खिडक्यांना लावतात ती रबरी पट्टी. सांधे सिलिकॉननं भरा. भिंतीत शंभरातला एक भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. मग लोक भोकंच बुजवतात, आणि खरा धोका तिथं सुरू होतो. बंद पेटीत कोंबड्याची स्वतःची उष्णता, बाष्प आणि विष्ठेतला अमोनिया साठतो. सकाळी दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबलं, आतल्या भिंतीला पाणी सुटलेलं दिसलं किंवा कोंबडा चोच उघडी टाकून धापा टाकत असला, तर त्या पेटीत त्याला पुन्हा ठेवू नका.

हवेची वाट ठेवायची, पण वळणाची. एका बाजूला तळाशी १० बाय १५ सेंमीचं भोक, समोरच्या बाजूला वरती तेवढंच दुसरं. दोन्हींवर बाहेरून प्लायवूडचा डबा बसवा आणि त्यात दोन आडव्या फळ्या अशा ठोका की हवा नागमोडी जाईल. आवाज प्रत्येक वळणावर भिंतीला धडकतो. तो तिथं शोषला जायला आतून जुनं घोंगडं लावा. जाड लोकर आवाज चांगला पिते. मात्र घोंगडं खिळ्यांनी कायमचं ठोकू नये, चौकटीवर ताणून काढता-घालता येईल असं बसवावं. त्याच्या घड्यांत रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे लपतात. दर पंधरवड्याला ते उन्हात टाकून झटका; पांढऱ्या कागदावर झटकलं की मोहरीहून लहान, हलणारे ठिपके लगेच दिसतात. भोकांना आतून अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी हवी, घूस आणि मुंगूस यांच्यासाठी. एप्रिल-मेमध्ये वरच्या भोकाला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा, १२० मिमी पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. लाइट गेली तरी चालू राहावा म्हणून त्याला बॅटरीची जोड द्या. रात्रीसुद्धा उकडत असेल त्या दिवशी पेटीचा हट्ट सोडावा.

कोंबडा संध्याकाळी खुराड्यातल्या दांडीवर बसला आणि रात्री पुरता सुस्तावला, की दोन्ही पंख अंगालगत धरून उचलून पेटीत ठेवायचा. उजेडात पाठलाग करून पकडला तर तो पेटीलाच बुजतो. त्याआधी मका, ज्वारी खाऊन आणि पाणी पिऊन त्याचं झालेलं असावं. आठ-नऊ तासांपेक्षा जास्त आत ठेवू नये. म्हणजे सात वाजता सोडायचा तर रात्री दहाच्या आधी आत घालू नका. सोडायची वेळ रोज तीच ठेवावी. एक दिवस साडेपाच, एक दिवस आठ असं झालं की तो दार उघडायच्या आशेनं आतून धडका मारत बसतो. रात्रपाळीवाल्या शेजाऱ्याला वेळ विचारून घेतली तर आणखी बरं, कारण त्याची झोप सकाळी सातला सुरू होते आणि तुमची पेटी त्याच वेळी उघडते. तिथं सकाळी कोंबड्याला परड्याच्या दुसऱ्या टोकाला सोडणं हाच तोडगा.

गळपट्टा घाईनं बांधणं

ऑनलाइन मिळणारा वेलक्रोचा, साधारण अडीच सेंमी रुंद गळपट्टा हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. त्यानं मान पूर्ण फुगत नाही, बांगेला लागणारी हवा एकदम सुटत नाही आणि आवाज बसका निघतो. बंद होत नाही. आवाज पूर्ण जाईपर्यंत आवळणारे लोक कोंबडा घालवून बसतात. रबरबँड, सुतळी, चिंधी तर कधीच बांधू नये. पिसांखाली ती कातडीत रुतते आणि जखम दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पट्टा सकाळी घाला, दिवसभर नजर राहील असा. मानेच्या मधोमध, पिसांच्या खाली, कातडीलगत. करंगळी सहज सरकली पाहिजे. पहिला तासभर कोंबडा मागं मागं चालतो, मान झटकतो. ते बहुधा थांबतं. मग चार-पाच दिवसांत एक-दोन मिलिमीटरनं कमी करत जा आणि करंगळी अडली की तिथंच थांबा. रोज संध्याकाळी आणि सकाळी गळ्याखालची चाऱ्याची पिशवी चाचपा: संध्याकाळी भरलेली, सकाळी रिकामी हवी. सकाळीही टणक लागली तर पट्टा तात्काळ काढा. तुरा जांभळा पडला, धाप लागली, खाणं सोडलं, तरीही तेच. वाढत्या कोंबड्याला पट्टा घालूच नये, कारण मान जाड होते आणि पट्टा तेवढाच राहतो. कडक उन्हाळ्यातही नको. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून गळा हलवूनच ती अंग थंड करते.

ऑपरेशन किंवा मार

आवाजाचं नळकांडं छातीत खोल, श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथं असतं. घशात हात घालून काहीतरी कापणं हा निव्वळ छळ आहे आणि प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० नुसार गुन्हाही. खस्सी केल्यानं आरवणं कमी होतं, पण कोंबड्याच्या गोळ्या, म्हणजे वृषणं, पोटात असतात. ते काम पशुवैद्याशिवाय करायचं नाही. पाणी फेकणं, काठी मारणं यानं कोंबडा फक्त अंगावर येऊ लागतो.

आरवण्यातला बदल न ओळखणं

रोजचा कोंबडा अचानक मध्यरात्री आरवायला लागला तर आधी बॅटरी घेऊन खुराडं बघा. साप, मांजर, घूस, नवा लागलेला दिवा, दांडीच्या फटीतले लाल किडे, यांपैकी काहीतरी सापडतं. बांग घोगरी झाली, नाकातून पाणी, श्वासाला घरघर असेल तर ते सर्दीचं लक्षण. एकदम गप्प झाला, मान मुरडली, हिरवट पातळ विष्ठा झाली तर मानमोडीची, म्हणजे रानीखेतची शंका घ्या, त्याला वेगळा काढा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गप्प झाला म्हणून खूश होऊन थांबू नका, बाकीच्या कोंबड्याही धोक्यात असतात.

गरज नसताना कोंबडा ठेवणं

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, वयात आल्या की कोंबड्याशिवाय तितकीच अंडी देतात. कोंबडा लागतो तो फक्त पिल्लांसाठी, आणि तोही कायम नाही: कोंबडा काढून नेल्यावरही साधारण दहा दिवस कोंबड्यांची अंडी फळलेली राहतात. गावाकडच्या पाहुण्यांकडून कोंबडा आठवडाभर आणावा आणि आल्यावर तीन-चार दिवसांनी अंडी जमवायला घ्यावीत. त्यांच्यावर पेन्सिलीनं तारीख घाला, सावलीत टोक खाली करून ठेवा आणि सात दिवसांच्या आत खुडूक कोंबडीखाली दहा-बारा घाला. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, तोवर कोंबडा गावी परत गेलेला असतो.