जिनिंगमध्ये बॉम्ब लावायचा तर मॅप असा बांधा

दुपारी चारपर्यंत माझं दुकान म्हणजे पीकविमा, उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा. चारनंतर पोट्टे येतात आणि सहा जुन्या कॉम्प्युटरांवर काउंटर-स्ट्राइक १.६ सुरू होतं. बंदुकांचा गेम: टेररिस्ट बॉम्ब लावायला बघतात, सीटी म्हणजे काउंटर-टेररिस्ट त्यांना अडवतात. आर्णी-दिग्रस रस्त्यापासून आत असलेलं आमचं गाव, इंटरनेटचा भरवसा नाही; म्हणून एक आठ पोर्टचा स्विच आणि लॅन. तीन विरुद्ध तीन. २००१ साली आलेला डस्ट टू हा मॅप, म्हणजे गेममधली खेळायची जागा, आमच्याकडे इतका खेळून झालाय की पोट्टे बंद डोळ्यांनी धावतात. एका संध्याकाळी त्यांच्यातला एक म्हणाला, "ताई, आपल्या जिनिंगचा मॅप बनव ना. गाठीमांगं लपाले लय जागा हाय तिथं."

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना. आज त्या मॅपची नववी आवृत्ती चालू आहे. पहिल्या तीन सरळ पाण्यात गेल्या, आणि त्या का गेल्या हेच आधी सांगते, कारण नवीन माणूस नेमका तिथेच फसतो.

पावसाळ्यात जिनिंग बंद असते. चौकीदार ओळखीचा, त्यामुळे मी टेप घेऊन आत गेले आणि फाटक, वजनकाटा, रेच्यांचा (सरकी काढायच्या यंत्रांचा) हॉल, प्रेस, गाठींचं गोदाम, सरकीची शेड असं सगळं मोजून आणलं. या गेममध्ये एक युनिट म्हणजे साधारण एक इंच. फाटकापासून गोदाम ४०० फूट, म्हणजे ४८०० युनिट. एके-४७ हातात धरून खेळाडू सेकंदाला २२१ युनिट पळतो, एम४ बंदूक घेऊन २३०, नुसत्या चाकूवर २५०. भागाकार करा: एके घेतलेल्याला फाटकातून गोदामात पोचायला जवळपास २२ सेकंद. पोट्टे पळत राहिले, पळत राहिले, कोणी भेटेचना. "ताई, हे गेम हाय का पायदळ वारी?" त्या दिवशी टेप बाजूला ठेवली. मॅप खऱ्या जागेची नक्कल नसतो. त्यात मोजायचे असतात ते सेकंद.

तेव्हा कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागद घ्या. मी चुकलेल्या सातबाऱ्यांची पाठकोरी बाजू वापरते. दोन बॉम्बच्या जागा काढा, दोन्ही टीमच्या सुरुवातीच्या जागा काढा, आणि प्रत्येक वाटेवर अंतर लिहून त्याचे सेकंद काढा. बचाव करणाऱ्या सीटींनी बॉम्बच्या जागेवर टेररिस्टांच्या आधी पोचायला हवं, पण फार आधी नको. नाहीतर ते बूड टेकून बसतात. माझ्या दुसऱ्या आवृत्तीत ए म्हणजे गोदाम. तिथे सीटी १० सेकंदांत, टेररिस्ट १४ सेकंदांत. ठीक. बी म्हणजे सरकीची शेड. तिथे टेररिस्ट १२ सेकंदांत आणि सीटी १५. बॉम्ब लावायला ३ सेकंद लागतात. म्हणजे सीटी कोपऱ्यावरून वळतो तोवर बॉम्ब लागलेला. बारापैकी अकरा राउंड टेररिस्टांनी घेतले आणि मी आठवडाभर शेडच्या भिंती सरकवत बसले, दारं पाडली, नवीन दारं काढली. भिंतींचा काही दोष नव्हता. शेवटी सीटींची सुरुवात ऑफिसातून उचलून वजनकाट्यावर ठेवली. गोदाम ११ सेकंद, शेड १०. दोन मिनिटांचं काम होतं.

आता औजारं. व्हॉल्व्ह हॅमर एडिटर ३.५, आणि मॅप कंपाइल करायला, म्हणजे गेमला चालेल अशी फाइल बनवायला, व्हीएचएलटीचं टूल. दोन्ही फुकट, जुन्या मशीनवर आरामात चालतात. हॅमरमध्ये सगळं काही ब्रशने, म्हणजे ठोकळ्यांनी बांधायचं. ब्रश आत वाकलेला चालत नाही. कापसाचा ढीग बनवायचा तर एकच वाकडातिकडा ठोकळा कोरू नका, पाच-सहा सरळ तिरपे ठोकळे शेजारी शेजारी लावा. चढ साधारण ४५ अंशांच्या आत ठेवा; त्याहून खडा असला की खेळाडू घसरतो. ग्रिड, म्हणजे मापाच्या चौकटी, १६ वर ठेवा. ग्रिड अगदी बारीक करून काम केलं की भिंतींमध्ये फटी राहतात, आणि फटींचं पुढे येतंच आहे.

मापं तेवढी पाठ करा. उभा खेळाडू ७२ उंच, ३२ रुंद, बसला की ३६. साधी उडी ४५ युनिटांची. पायरी १८ पर्यंत न उडता चढता येते. कापसाची खरी गाठ १७० किलोची. माझ्या मॅपमधली ४८ युनिट उंचीची. ४८ का? उभं राहिलं की तिच्यावरून बघता येतं, बसलं की माणूस पूर्ण झाकतो, आणि साध्या उडीत वर जाता येत नाही, हवेत पाय आखडावे लागतात. दार ३२ रुंदीचं ठेवलं तर खेळाडू अडकतो. मी ९६ च्या खाली जात नाही.

एक गोष्ट सगळ्यांना चकवते. सीटीच्या सुरुवातीच्या जागेसाठी जी एंटिटी, म्हणजे मॅपमध्ये ठेवायची खूण, लागते तिचं नाव इन्फो प्लेअर स्टार्ट, आणि टेररिस्टांसाठी इन्फो प्लेअर डेथमॅच. हाफ-लाइफ या मूळ गेमच्या काळातली नावं तशीच राहिलीत. उलट लावलं तर बॉम्ब घेतलेला गडी सीटींच्या जागेवर उगवतो. प्रत्येक टीमला कमाल जितके खेळाडू तितक्या जागा द्या, आणि दोन जागा एकमेकींत घुसवू नका.

फटी. मॅपच्या बाहेर पोकळी असते, आणि तुमच्या भिंतीत केसाएवढी फट राहिली तरी कंपाइलच्या लॉगमध्ये 'लीक' असं येतं. कणगीला खाली उंदराने भोक पाडावं तसं ते. मग व्हिस हा टप्पा चालतच नाही. कुठून काय दिसतं याचा हिशेब व्हिस करतो. तोच नसला की गेम सगळी जिनिंग एकदम रंगवायला जातो आणि जुन्या मशीनवर चित्र अडखळायला लागतं. हॅमरमध्ये पॉइंटफाइल उघडा. एंटिटीपासून भोकापर्यंत रेघ येते, तिच्या मागे मागे जा आणि भोक बुजवा. आळशी माणूस काय करतो? अख्ख्या मॅपभोवती एक मोठा डबा बांधतो. लीक जाते खरी, पण आता सगळ्या भिंतींच्या बाहेरच्या बाजूही हिशेबात येतात. मी हे केलंय. व्हिस रात्री आठला लावलं, साडेदहाला लाईन गेली, इन्व्हर्टरने दम तोडला आणि सगळं पहिल्यापासून. चाचणीपुरतं व्हिस 'फास्ट'वर चालवा, पूर्ण व्हिस शेवटच्या आवृत्तीसाठी ठेवा.

प्रकाश आणि रंग सुरुवातीला नकोतच. करड्या भिंतींत चार-पाच संध्याकाळी खेळून घ्या. रंगवलेली भिंत पाडायला जीवावर येतं, करडी पाडायला काही वाटत नाही. पुढे रंगवाल तेव्हा एक ध्यानात ठेवा: प्रत्येक जागेला ओरडता येईल असं नाव मिळालं पाहिजे. "काट्यावर हाय!" "सरकीत घुसला, सरकीत!" माझ्या चौथ्या आवृत्तीत प्रेसचा आणि रेच्यांचा हॉल दोन्ही एकाच पत्र्याचे होते. पोट्टे एकमेकांना चुकीच्या हॉलमध्ये पाठवायचे आणि मग आईबहिणीवर यायचे. प्रेसला लाल विटा लावल्या, भांडण मिटलं.

पेनड्राइव्हवरून मॅप दुसऱ्या मशीनवर टाकाल तेव्हा टेक्स्चरची, म्हणजे भिंतींवरच्या चित्रांची, वॅड फाइलही तिथे लागते. ती बरोबर न्या, किंवा कंपाइल करताना टेक्स्चर मॅपमध्येच घालून टाका. आणि आवृत्ती बदलली की फाइलचं नाव बदला. एका मशीनवर जुनी, एकावर नवी आणि नाव तेच, असं झालं की मॅप सर्व्हरपेक्षा वेगळा आहे म्हणून ते मशीन आतच घेत नाही. कोणत्या मशीनवर कोणती फाइल, हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

चाचणीच्या वेळी माझं एकच काम असतं, तोंड बंद ठेवणं. हे सगळ्यात जड जातं. पोट्टा भलत्या गल्लीत शिरतो, जिभेवर येतं "अरे, तिकडं नाही", तरी गिळायचं. तो तिकडे गेला म्हणजे त्याला तिकडे वाट दिसली. चूक माझ्या भिंतीची. पाठकोऱ्या सातबाऱ्यावर मॅप काढून मागे बसते. टेररिस्ट मेला तिथे लाल टिंब, सीटी मेला तिथे निळं. तीसेक राउंडांनंतर कागद स्वतःच बोलायला लागतो. एका कोपऱ्यात निळ्याचा सडा पडलाय, म्हणजे कोणीतरी तिथे आरामात बसून मारतंय. प्रेसच्या मागे एकही टिंब नाही, म्हणजे ती जागा फुकट बांधली. बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू, घालून हे कळत नाही. बॉट ठरलेल्या वाटेने चालतात आणि कंटाळत नाहीत.

पोट्टे उपायही सांगतात: "ताई, तिथं एक भिंत टाक." भिंत लगेच टाकू नका. आधी विचारा, तू कुठे मेला, कुणी मारलं, तुला तो काऊन दिसला नाही? शेडमध्ये भिंत मागणाऱ्याची खरी तक्रार अंधाराची होती. एक दिवा लावला, भिंतीचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि एका आवृत्तीत एकच बदल. दिवाही लावला आणि गाठही हलवली, तर फरक कशाने पडला ते कुणालाच सांगता येत नाही.

माझं अडलंय ते पाईपवर. अंगणातला कापूस ओढून हॉलमध्ये नेणारा मोठा पाईप जिनिंगमध्ये असतो. मी त्यातून बसून जाता येईल अशी वाट ठेवली. सगळ्यांना ती फार आवडली, इतकी की एक जण तिथेच मुक्कामाला असतो. पाईप काढायचं म्हटलं तर सहाही जण अंगावर येतात. म्हणून नवव्या आवृत्तीत मधोमध फुटणारा पत्रा लावलाय, हॅमरमध्ये त्याचं नाव फंक ब्रेकेबल. आत शिरायचं तर तो फोडावा लागेल आणि आवाज होईल. तो आवाज काट्यावरच्या माणसाला ऐकू येतो का, हे उद्या संध्याकाळी बघायचं आहे. लाईन राहिली तर.