बेळगावात बसून इलेक्ट्रॉनिक अल्बम करायचा असेल तर

इलेक्ट्रॉनिक संगीत करायचं म्हणजे आधी पुणं नाहीतर बेंगळुरू गाठायला हवं, असा आमच्याकडच्या पोरांचा पक्का समज आहे. मी वडगावात घरीच बसून अल्बम केला. लॅपटॉप, बरा हेडफोन आणि साधा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), बस्स. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर: साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. चोरून आणलेलं सॉफ्टवेअर घ्यायचं कारणच उरत नाही.

वेळ घालवायचा तो आवाज शोधण्यात. नेटवरचे तयार सॅम्पल जगभर सगळ्यांकडे तेच असतात. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांतला यंत्रमाग मात्र तुमच्या घराशेजारी आहे. मालकाला विचारूनच आत जा. मी गेलो तिथले काका हसले, "ह्यो आवाज ऐकून आमचं कान गेलं, आन् तू भरून न्यायला आलायस व्हय?" मग चहाही पाजला.

मागाच्या अगदी जवळ माइक धरलात तर आवाज फाटतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेण्याची पातळी, कमी ठेवा, मोठ्यात मोठा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. २४ बिटमध्ये घेतलं असेल तर पुढं वाढवायला अडचण येत नाही. एकदा शेजारून घ्या, एकदा दाराबाहेरून, एकदा भिंतीपलीकडून. मला सगळ्यात कामाला आला तो भिंतीपलीकडचा आवाज. कर्कशपणा भिंत गिळते आणि ठेका तेवढा उरतो. जवळून घेतलेल्यातला धोट्याचा 'खाट' स्नेअरच्या, म्हणजे ड्रममधल्या करकरीत ठोक्याच्या, जागी झकास बसतो.

खरी मजा पुढं आहे. मागाची लय किंचित हलती असते. पट्टा सैल झाला, विजेचा दाब उतरला की वेग बदलतो. सॉफ्टवेअर एका बटणात सगळे ठोके रेषेवर आणून देतं. आणू नका. चांगला चालणारा एक तुकडा निवडा, गाण्याचा टेम्पो त्याच्यावरून ठरवा आणि किकला, म्हणजे ड्रमच्या जाड ठोक्याला, त्याच्या मागं चालू द्या. सरळ केलेला माग ड्रम मशीन वाटायला लागतो, आणि ड्रम मशीनची जगात काही टंचाई नाही.

मिक्सिंगचं थोडक्यात. गणपतीतल्या डॉल्बीवर वाढलेल्या आपल्या कानांना बेस जास्तच हवा असतो. पण तुमचा अल्बम बहुतेक जण फोनवर ऐकणार, आणि फोनच्या स्पीकरला खालचा बेस पेलत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा इफेक्ट) द्या, म्हणजे त्याचे वरचे सूर, हार्मॉनिक्स, तरी ऐकू येतात. १२० हर्ट्झच्या खालचं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला सारखंच, ठेवा. साउंड सिस्टीमवाला मित्र असेल तर त्याच्या बॉक्सवर एकदा वाजवून बघाच. स्पॉटिफाय सगळ्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास आणतं, त्यामुळं मास्टर, म्हणजे शेवटची तयार फाइल, ठोकून मोठा करण्यात फायदा नाही.

आता लोकांनी ऐकण्याबद्दल. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलंडच्या टीबी-३०३ या बेस सिंथवर आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्ड कुणी फारशी विचारली नाही. २०१० मध्ये ती परत निघाली, तेव्हा जाणकार चकित झाले, कारण शिकागोत ॲसिड हाउस हा नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार यायच्या कितीतरी आधी तोच नाद इथं झाला होता. तुम्हाला इतकं थांबावं लागू नये, पण पहिल्या आठवड्यातल्या आकड्यांवरून अल्बमची किंमत ठरवू नका.

घरच्यांनी माझा अल्बम अर्धा ऐकून "गाणं कधी सुरू होणार?" विचारलं. त्याच काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "डावीकडच्या मागाचा पिकर झिजलाय." पिकर म्हणजे धोट्याला ढकलणारा भाग. एवढ्या बारकाईनं अल्बम दुसऱ्या कुणी ऐकलेला नाही.

कागदपत्रांत घाई नको. प्रदर्शनाच्या तीन-चार आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला किमान सात दिवस तरी हातात लागतात. डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे स्पॉटिफायसारख्यांकडे गाणं पोहोचवणारी कंपनी, बदलला तरी प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा) तोच ठेवा. फॉर्मवर भाषा विचारतात. शब्द नसतील तर वाद्यसंगीत निवडा आणि मराठी की कन्नड या वादात तिथं उतरू नका, तो इथं पुरेसा चालू असतो. नावं देवनागरीत द्याच, पण वर्णनात बेळगाव, बेळगावी, बेलगाम तिन्ही लिहा. शोधणारे तिन्ही टाकतात.

पैशाचं म्हणाल तर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याचं मानधन स्पॉटिफाय देत नाही. मला पहिले पैसे मिळाले ते एका एकांकिकेच्या पार्श्वसंगीताचे. दिग्दर्शकाला अल्बममधला नुसता माग हवा होता, किक नको, सिंथ नको. म्हणून मिक्स संपलं की गाण्यातल्या प्रत्येक आवाजाचा ट्रॅक वेगळा काढून दोन ठिकाणी जपून ठेवा. नाटकवाले आदल्या रात्री फोन करतात.