मिठीकाठचे निसर्ग उद्यान पाहायचे तर आधी पंचांग पाहावे

धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या मधोमध, मिठी नदीला लागून असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहायला जाणारे बहुतेक लोक सुट्टीचा दिवस आणि रेल्वेचे वेळापत्रक एवढेच पाहून निघतात. मात्र हे उद्यान खाडीच्या भरती-ओहोटीला जोडलेले आहे. मिठी इथून थोडे पुढे जाऊन माहीमच्या खाडीला मिळते, त्यामुळे उद्यानाच्या कडेला दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते. तुम्ही नेमक्या कोणत्या घटकेला काठाशी असता, यावरच काय दिसणार हे ठरते.

वेळ काढण्याची कोकणकिनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेदहाच्या आसपास. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरल्या की भरती सव्वाअकराला येते. प्रत्यक्षात ती बाराच्या पुढेही सरकते आणि नदीत आतवर पाणी पोहोचायला आणखी थोडा वेळ जातो. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची ढिलाई ठेवावी आणि शक्य असेल तर त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हीच रीत लागू पडते.

माझा सल्ला असा, की या उद्यानाला दोन फेऱ्या द्याव्यात: एक पंचमीच्या आसपास ओहोटीला, दुसरी पौर्णिमेला किंवा अमावास्येला उधाणाच्या भरतीला. पक्ष्यांसाठी जायचे असेल तर ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. शीव किंवा वांद्रे स्थानकावरून बस अथवा रिक्षा मिळते; उद्यान शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी आगारासमोर आहे. उघडण्याची वेळ आणि प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. पाणी, टोपी, दुर्बीण आणि घट्ट बुटांखेरीज फारसे काही लागत नाही.

आत शिरल्यावर लगेच नदीकडे धावू नये. आधी पायाखालच्या जमिनीकडे नीट पाहावे, कारण या जागेची खरी कहाणी तिथे आहे. १९७० च्या दशकापर्यंत इथे मुंबईचा कचरा टाकला जात असे. सुमारे ३७ एकरांची ही कचराभूमी बंद झाल्यावर तिच्यावर माती पसरून झाडे लावण्यात आली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज ज्या दाट सावलीतून आपण चालतो, तिच्यातले प्रत्येक झाड कुणीतरी मुद्दाम लावलेले आहे किंवा त्या लावलेल्या झाडांच्या आश्रयाने आलेले आहे. मुलांना घेऊन गेलात तर हे पहिल्या दहा मिनिटांतच सांगावे. पुढची सगळी फेरी ती वेगळ्या नजरेने पाहतात.

रोपवाटिका, औषधी वनस्पती आणि पावसाचे पाणी साठवणारे तळे ओघाने पाहून होतात. फुलपाखरांसाठी मात्र ऊन वर आल्यावर, वारा पडलेला असताना एका जागी स्थिर उभे राहावे. चालत राहणाऱ्याला ती फारशी दिसत नाहीत.

आता नदीच्या अंगाला, जिथवर जायची परवानगी असेल तिथवर जावे. ओहोटीच्या वेळी काठाचा काळा चिखल उघडा पडतो आणि त्यातून तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, बोटभर उंचीची श्वासमुळे खिळ्यांसारखी वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे वर येऊन हवा घेतात. हाताशी येणारे एखादे पान असेल तर ते न तोडता नीट पाहावे: वरून हिरवेगार, खालून पांढुरके, आणि कोरड्या दिवशी त्यावर मिठाचे बारीक कण जमलेले. शोषलेले जादा मीठ झाड असे पानांवाटे बाहेर टाकते. चिखलावर दहा मिनिटे नजर ठेवली तर निवट्या हे चिखलातले मासे सरपटताना आणि खेकडे बिळाशी ये-जा करताना दिसू शकतात. त्यांच्यावर टपलेले वंचक, खंड्या आणि हिवाळ्यात शेपूट हलवत फिरणारे तुतवार या पक्ष्यांसाठी दुर्बीण कामाला येते.

याच वेळी तिवरांच्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पाहाव्यात. त्या कुठल्या उंचीपर्यंत लटकल्या आहेत ते लक्षात ठेवावे, कारण पाणी कुठवर चढते याची ती खूणच असते. मला हे दृश्य दर वेळी अस्वस्थ करते, तरीही ते टाळून पुढे जाऊ नये असे वाटते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीचे पाणी वस्त्यांत शिरले. नदीला पसरायला जी खाजणे, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनी, आणि तिवरांची जंगले होती, त्यांच्यावर भराव घालून शहर वाढले होते, आणि पलीकडच्या काठावर दिसणाऱ्या काचेच्या इमारतीही अशाच भरावावर उभ्या आहेत. उद्यानाकाठचा हा तिवरांचा पट्टा त्या गेलेल्या खाजणांची उरलेली कड आहे.

दुसऱ्या फेरीला, उधाणाच्या दिवशी, साडेदहाच्या सुमारास काठाशी येऊन पाण्यावर तरंगणारी एखादी बाटली किंवा पान हेरावे. ते समुद्राकडे जाण्याऐवजी उलटे, कुर्ल्याच्या दिशेने सरकत असते. गेल्या वेळची श्वासमुळे पाण्याखाली गेलेली असतात. बाराच्या पुढे त्या बाटलीचा वेग मंदावतो, ती जागच्या जागी घोटाळते, आणि मग हळूच माहीमकडे वळते. पाणी फिरण्याची ती घटका पाहिल्याशिवाय काठ सोडू नये.